दुर्बिणीतून झालं, तरी पोटातच झालं

अंडाशयातली गाठ काढून बाई घरी आली की भेटायला येणारे एकच बोलतात, ‘दुर्बिणीतूनच झालं ना? मग काही नाही.’ पोटावर तीन-चार बारीक टाके दिसतात. दुखणंही तेवढंच असणार, असा घरच्यांचा समज होतो. टाके सुकतात न सुकतात तोच ती ओट्याशी उभी राहते आणि दहाव्या दिवशी विरार लोकलमध्ये.

पोटाच्या आत काय झालंय ते टाके पाहून कळत नाही. या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. त्याने श्वासपटलाला त्रास होतो आणि कळ येते ती खांद्यात. ही कळ काही दिवसांत जाते. हलक्या कामाला लागायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, पोट उघडावं लागलं असेल तर चार ते सहा. डॉक्टर ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, कडेवरचं मूल यातलं काहीच उचलायचं नसतं.

वसई-विरारच्या बाईला हे पाळता येतं का? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. महिला विशेष लोकल 1993मध्ये विरारपर्यंत आली, पण गर्दीत पोटात बसणारं कोपर अजून चुकत नाही. फुलांची टोपली घेऊन पहाटे दादर गाठणारी असो, वसई पूर्वेच्या गाळ्यात रोजावर बसणारी असो की चार घरची धुणीभांडी करणारी असो, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले.

कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे आणि नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा मिळते. अंडाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी अशी वेगळी रजा नाही. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असेल तर आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस सत्तर टक्के वेतन मिळू शकतं. ज्या मालकांनी कामगार बायकांची ईएसआय नोंदणी टाळली आहे, त्यांनी त्यांची विश्रांतीच हिरावून घेतली आहे.

काही जणींचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं हा अन्याय आहे. आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, एखादी नस दबलेली असते किंवा ‘चॉकलेट सिस्ट’ ही गाठ काढूनही तिच्या मुळाशी असलेला एंडोमेट्रिओसिस हा आजार उरलेला असतो. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर गाठीच्या तपासणीचा अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायलाच हवं. ताप, टाक्यांतून पू, वाढत जाणारी कळ, सतत उलट्या, फुगलेलं पोट, पोटरीला सूज किंवा धाप यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी जावं.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. सहा आठवडे हंडा आपण उचलावा. आणि ‘काही नाही’ म्हणण्याऐवजी तिला विचारावं, ‘अजून दुखतंय का?’ ती ‘हो’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा.