हरकत वेळेवर हवी

आंतरराष्ट्रीय रूढिकायद्याला कुणाची सही लागत नाही. बहुतेक देश एका रीतीने वागतात आणि ती बंधनकारक मानतात, एवढ्यावर तो सगळ्यांना लागू होतो. यातून सुटायची एक वाट आहे, हरकतीची, पण ती नियम घडत असतानाच धरावी लागते. उदाहरण नॉर्वेचे. त्याचा किनारा म्हणजे फियॉर्ड, बेटे आणि खडकांचा पसारा. १९३५च्या फर्मानाने नॉर्वेने बाहेरच्या खडकांवरून सरळ रेषा ओढल्या आणि आतली मासेमारी आपल्या लोकांसाठी राखली. ब्रिटिश ट्रॉलर पकडले जाऊ लागल्यावर ब्रिटन हेगच्या न्यायालयात गेले. उपसागराच्या तोंडावरची रेषा दहा मैलांहून लांब नको, हा त्याचा एक मुद्दा. १९५१मध्ये न्यायालय म्हणाले, असा सर्वमान्य नियमच नाही. असता तरी आपल्या किनाऱ्यापुरता नॉर्वेने त्याला कायम विरोध केल्याने तो नॉर्वेला लागू झाला नसता. हे दुसरे कारण जाता जाता दिलेले, पण पुढे गाजले तेच.

मात्र हरकत स्पष्ट, इतर देशांना कळवलेली आणि सतत चालू हवी. नियम पक्का झाल्यावर जाग आली तर उपयोग नाही. गुलामगिरी, नरसंहार, वर्णभेद यांवरच्या बंदीला तर हरकतच चालत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे: रूढिकायद्यातले कितीतरी नियम घडले तेव्हा भारतासारख्या वसाहतींना हरकत घ्यायला तोंडच नव्हते. तीन मैलांच्या सागरी हद्दीवर अडून बसलेल्या अमेरिकेला ते तोंड होते. तिनेही १९८८मध्ये बारा मैल स्वीकारले.