परतीचे भाडे मिळते, जाण्याचे कोण देणार?

काही महिन्यांपूर्वी एटापल्ली तालुक्यातील एका कुटुंबासोबत आम्ही नागपूरला गेलो होतो. घरातील कर्त्या पुरुषाच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. शिधापत्रिका व ओळखपत्र दाखविल्यावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती पार पडली. रुग्णालयात एक रुपयाही भरावा लागला नाही. रुग्णाला जेवण मिळाले, परिचारिकांनी आपुलकीने सेवा केली आणि निरोपाच्या वेळी घरी परतण्याचे भाडेही हाती आले. पत्नीने ते मोजून पदराच्या गाठीला बांधले आणि विचारले, "येतानाचं कोण देणार?" येण्यासाठी तिने दोन बकऱ्या विकल्या होत्या.

या साध्या प्रश्नात योजनेचे बळ आहे व तिची उणीवही आहे.

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली होता. चंद्रपूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. प्रारंभी कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि २०२३ च्या निर्णयाने ही मर्यादा पाच लाखांवर नेऊन राज्यातील सर्वच कुटुंबे तिच्या कक्षेत आणली गेली. ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी शेत गहाण पडत असे, ती आज गरिबाला विनामूल्य मिळते, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तथापि, विम्याचा पैसा रुग्णालयाकडे जातो आणि तज्ज्ञ डॉक्टरांची मोठी रुग्णालये शहरांत आहेत. त्यामुळे नागपूरच्या व भामरागडच्या कुटुंबांना कागदावर सारखेच पाच लाख मिळत असले, तरी दोघांच्या पदरात सारखे पडत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. आतल्या पाड्यांतून रुग्णाला खाटेची कावड करून आणावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता असेल तेथवरच येते.

दुसरी मर्यादा आजारांची आहे. योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. आपल्या भागाला ग्रासणारा हिवताप, सिकलसेल, रक्तदाब यांना वेळेवर तपासणी आणि नियमित औषध हवे असते. ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे काम आहे. तेथे डॉक्टर नसेल, तर विमापत्र कितीही मोठ्या रकमेचे असो, रुग्ण शहरात पोहोचेपर्यंत आजार बळावलेला असतो. थायलंडने २००२ मध्ये सर्वांना जवळजवळ विनामूल्य उपचार देऊ केले. त्याआधी त्या देशाने ग्रामीण भागांत छोटी रुग्णालये उभी केली होती, हे विसरता कामा नये.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. त्यांचा लाभ सिरोंचा, धानोरा, जिवती येथवर झिरपला पाहिजे.

तिसरी गोष्ट माहितीची. जिवती तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका मातेला, मुलगा योजनेतून दाखल असतानाही, औषधे बाहेरून आणावयास सांगण्यात आले. तिने उसने पैसे काढून ती आणली. दाखल रुग्णाची औषधे व तपासण्या योजनेतच येतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्ही आरोग्यमित्राकडे तक्रार नोंदविली, तेव्हा पैसे परत मिळाले. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात असा आरोग्यमित्र असतो. आणीबाणीत दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोयही आहे. १५५३८८ आणि १४५५५ हे मदतक्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावेत.

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी: दुर्गम तालुक्यांतील रुग्णाला जाण्याचेही भाडे द्या आणि आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे भरा. परंतु तोवर स्वस्थ बसणे आपल्याला शोभणार नाही. चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला पैसे दिले हे खरे. पण त्याआधी त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून तेथवर नेले होते. प्रत्येक धर्मग्रामात कागदपत्रे समजणारा एक तरुण रुग्णासोबत जाण्यास तयार असावा आणि प्रवासखर्चासाठी छोटासा निधी असावा. तो रुग्ण आपल्या मंडळीचा आहे की नाही, हे विचारण्याचे कारण नाही.