जागरणाचं कौतुक आता पुरे

डॉन किहोते म्हटलं की सगळ्यांना पवनचक्क्याच आठवतात. त्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावून जाणारा तो हाडकुळा गृहस्थ. पण त्याला वेड कशानं लागलं, हे सर्व्हान्तेसनं १६०५ साली पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवलंय. हा माणूस वीरकथांची पुस्तकं रात्र रात्र जागून वाचायचा. वाचन फार आणि झोप कमी, त्यामुळे मेंदू सुकला. आम्ही साहित्याचे विद्यार्थी यातलं पहिलं कारण हसत हसत एकमेकांना सांगतो (तो धोका आपल्याला किती आहे, ते ग्रंथालयाचं रजिस्टर बघून कळेल!). दुसऱ्या कारणाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

मॅकबेथचंही तेच. मेजवानीत त्याला बँकोचं भूत दिसतं, पाहुणे घाबरून उठून जातात, आणि सगळं शांत झाल्यावर त्याची बायको त्याला काय सांगते? तुला झोप मिळत नाहीये. परीक्षेत आपण त्या भुताला अपराधी भावना म्हणतो आणि मार्क मिळवतो. ते चूक नाही. पण बाईंनी केलेलं निदानही संहितेतच आहे, ते का सोडायचं?

माझं म्हणणं साधं आहे. झोप कमी पडली की माणूस नुसता थकत नाही, त्याला जग वेगळं दिसायला लागतं. आणि ते वेगळं दिसतंय हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून रात्री तीन वाजता आपल्याला मित्रांबद्दल, घरच्यांबद्दल, स्वतःबद्दल जे 'कळतं', त्यावर विश्वास ठेवू नये. आणि कॉलेजात जागरणाचं जे कौतुक चालतं ते थांबावं.

हे मी हवेत बोलत नाही. १९६३ च्या डिसेंबरअखेरीस अमेरिकेत सॅन दिएगोला रँडी गार्डनर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जागं राहायचं ठरवलं. अकरा दिवस, म्हणजे २६४ तास तो जागा राहिला. स्टॅनफर्डचे झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट मुद्दाम तिथे जाऊन त्याच्यावर लक्ष ठेवून होते. चौथ्या दिवशी त्याला रस्त्यावरची पाटी माणूस वाटली. पुढे आपण एक नामांकित फुटबॉलपटू आहोत असंही त्याला वाटायला लागलं. अकराव्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं, तर तो पासष्टवर येऊन थांबला. का थांबलास विचारलं, तर म्हणाला, मी काय करत होतो तेच विसरलो. नंतर तो चौदा तास झोपला आणि ठीक झाला. असले विक्रम आता गिनीज नोंदवतही नाही.

त्याच्या आधी, १९५९ मध्ये, पीटर ट्रिप नावाचा न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक टाइम्स स्क्वेअरमध्ये काचेच्या खोलीत बसून एका मदतनिधीसाठी २०१ तास जागा राहिला होता. त्याला बुटात कोळी दिसायला लागले होते.

आता तुम्ही म्हणाल, अकरा दिवस कोण जागतंय? खरंय. पण २०१८ मध्ये अशा २१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, एकूण ७६० माणसं. त्यात दिसलं की नजरेची फसगत, चिडचिड, अस्वस्थता, वेळेचं भान सुटणं हे सगळं पहिल्या २४ ते ४८ तासांतच सुरू होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत दिसणं, ऐकू येणं, स्पर्श, सगळीकडे भास. आणि सर्वात आधी, सर्वात जास्त बिघडतात ते डोळे. २४ तास! आपल्याकडे इंटर्नल्सच्या आठवड्यात २४ तास म्हणजे काहीच नाही.

बरं, एक रात्रही पूर्ण जागायची गरज नाही. २००३ मधल्या एका प्रयोगात लोकांना सलग चौदा रात्री फक्त सहा-सहा तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष आणि काम इतकं घसरलं, जितकं पूर्ण रात्र न झोपलेल्याचं घसरतं.  यातला भीतीदायक भाग पुढे आहे. त्या लोकांना विचारलं तर ते म्हणत होते, थोडी झोप येतेय, पण तसं ठीक चाललंय. म्हणजे मोजणारी पट्टीच वाकडी झालेली, आणि आपण तिनंच मोजत बसलेलो. 'मला सहा तास पुरतात' असं छातीठोक सांगणाऱ्या सगळ्यांना हे वाक्य अर्पण.

दुचाकीवरून घरी जाणाऱ्यांसाठी आणखी एक. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी खाली येते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेली मुलगी रात्री अकराला रिहर्सल संपवून स्कूटरला किक मारते, तेव्हा ती एक थेंबही न घेता त्या रेषेच्या पलीकडे असते. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर काही दिसणार नाही, एवढंच.

पण मला सर्वात जास्त काळजी वाटते ती चेहऱ्यांची. आपल्या मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका ओळखायचं काम मुख्यतः त्याचं. २००७ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा हा भाग झोपलेल्यांपेक्षा साठ टक्के जास्त भडकला. त्याला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग त्याच्याशी नीट बोलेनासा झाला होता. त्याच विद्यापीठात पुढे २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात न झोपलेल्यांना मैत्रीपूर्ण आणि धमकीचे चेहरे वेगळे ओळखता येईनात. साधे, हसरे चेहरेसुद्धा त्यांना धोक्याचे वाटायला लागले. आता हे आपल्या वर्गात आणून बघा. परीक्षेच्या दिवसांत होणारी भांडणं, 'ती माझ्याकडे अशी का बघितली', ग्रुपवरचं 'ओके' आणि त्यापुढचा तो पूर्णविराम. यातलं किती खरं आणि किती झोपेचं?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट लिहितेय, तिला विचारून आणि नाव न घेता. मागच्या वर्षी प्रोजेक्ट, इंटर्नल्स आणि नाटक एकाच आठवड्यात आले. ती चार रात्री दोन-अडीच तास झोपली असेल. तिसऱ्या दिवशी वाचनालयात तिनं मला विचारलं, मला कुणी हाक मारली? कुणीच मारली नव्हती. मग खोलीत खुंटीला अडकवलेला रेनकोट तिला हललेला दिसला, एकदा नाही, तीनदा. चौथ्या दिवशी तिची खात्रीच झाली की नाटकाचा सगळा ग्रुप तिच्याविरुद्ध झालाय आणि सर तिला मुद्दाम टोमणे मारतायत. पहाटे चार वाजता तिनं कॉलेज सोडत असल्याचा ईमेल लिहून ठेवला. पाठवला नाही, कारण पाठवायच्या आधीच टेबलावर डोकं टेकून तिचा डोळा लागला. मुलींपैकी काही म्हणाल्या नाटक करतेय. घरी आजीनं मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट काढली (हो, आमच्या किरिस्तांव घरांतही काढतात). मग आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती रात्री झोपली नाहीस?

पूर्ण आठवडाभर वेळेवर झोपल्यावर रेनकोट परत रेनकोट झाला. ती यंदा आमच्याबरोबर शेवटच्या वर्षाला आहे. तो ईमेल अजून तिच्या ड्राफ्ट्समध्ये आहे. तो वाचताना एखाद्या अनोळखी माणसानं लिहिल्यासारखा वाटतो असं ती सांगते.

सगळ्यांचं असं एका आठवड्यात निभावत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. झोप आणि मन यांचा रस्ता दोन्हीकडून चालू असतो. कधी झोप नाही म्हणून मन बिघडतं, कधी मन आधीच आजारी असतं आणि झोप उडणं ही त्याची पहिली खूण असते. त्यामुळे 'झोप जरा, बरं वाटेल' एवढं सांगून कुणाला वाटेला लावू नका. दोन-चार रात्री नीट झोपूनही भास थांबत नसतील, किंवा झोपच लागत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, तिथे जा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, नंबर १४४१६. पण झोपेवर उपचार केला की मनालाही फरक पडतो, याचा पुरावा आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांवरून मिळालाय. ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ निद्रानाश असलेल्या विद्यार्थ्यांवर ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी प्रयोग केला, २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. ज्यांना निद्रानाशावरचे ऑनलाइन उपचार मिळाले त्यांची झोप सुधारलीच, शिवाय लोक आपल्या वाईटावर आहेत ही भावना आणि भास, दोन्ही थोडेफार कमी झाले. भासांना किंवा संशयाला कुणी हातही लावला नव्हता. फक्त झोप दुरुस्त केली होती.

इथे मला बायबलमधला एलीया आठवतो. राणीच्या धमकीनं पळालेला, रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. आधी तो झोपतो. देवदूत उठवून भाकर-पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो. बोलणं नंतर, डोंगरावर पोचल्यावर. पुष्कळ प्रवचनकारांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

'पण गोंयकारांनी झोपेवर लिहायचं म्हणजे...' असं हसणारे असतीलच. दुपारी एकला दुकान बंद, चारला उघडणार, ही आपली ख्याती. बाहेरून आलेले लोक त्याला आळस म्हणतात आणि आपलीच पोरं आता लाजून मान डोलावतात. माझी शाम्माय, म्हणजे आजी, पहाटे पोदेराचा हॉर्न वाजायच्या आधी उठायची, म्हणून दुपारी पाऊण तास आडवी व्हायची. त्यात आळस कुठे आला? नासानं लांबच्या विमानप्रवासात वैमानिकांना आळीपाळीनं चाळीस मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. नासानं केलं की विज्ञान, शाम्मायनं केलं की सुशेगाद!

जागरणाशी माझं वैर नाही. शिवोलीचा डिसेंबरातला जागोर आहे, नाताळची मध्यरात्रीची मिस आहे, खंडोबाचं जागरण आहे. तिथे अख्खा गाव एकत्र जागतो आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गाव मिळून झोपतो. आपलं जागरण असं नसतं. एकेका खोलीत एकेक जण, तोंडावर मोबाइलचा उजेड, आणि सकाळी साडेआठला लेक्चर. शेवटची वाट त्या साखरझोपेचीच लागते. काय सुंदर शब्द आहे आपल्या भाषेत! रात्रीच्या शेवटच्या भागात स्वप्नांची झोप सर्वात जास्त असते, आणि दिवसभराच्या भावना पचवायला मेंदूला तिचा उपयोग होतो असं संशोधक मानतात. पाचचा अलार्म लावला की आपण नेमकी तीच कापतो.

म्हणून काही मागण्या. ऑनलाइन सबमिशनची वेळ रात्री ११.५९ कशासाठी? ती संध्याकाळी पाच करा. अभ्यास जेवढा व्हायचा तेवढाच होईल, फक्त मध्यरात्रीचा तमाशा टळेल. नाटकाच्या तालमी नऊला संपवा. बक्षीस समारंभात 'या मुलांनी रात्रीचा दिवस केला' हे वाक्य कौतुक म्हणून म्हणू नका. कार्यक्रमाचं नियोजन फसलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपण विद्यार्थ्यांनी, कुणी विचित्र वागायला लागलं, कुणाला आपण सगळे वैरी वाटायला लागलो, तर गॉसिप सुरू करायच्या आधी डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न विचारावा.

संपादक मंडळानं या अंकाचं साहित्य पाठवायची वेळ संध्याकाळी पाचची ठेवलीय, त्याबद्दल त्यांचे आभार. मी हा लेख साडेचारला पाठवतेय. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील तर त्या पूर्ण जागेपणी केलेल्या आहेत.