रमाबाईंना ख्रिस्तात काय मिळाले?



धर्म बदललेल्या माणसाला आपल्या देशात एकच प्रश्न विचारला जातो : काय मिळाले? जणू तो बाजारातून परतला आहे आणि शेजारी त्याची पिशवी चाचपीत आहेत. हा प्रश्न तुमच्याही उंबरठ्यावर येऊन गेला आहे. म्हणूनच आपल्यापैकी काही जण तोच प्रश्न ख्रिस्ती शेजाऱ्याला, दुधाच्या भुकटीचे नाव घेऊन, हसत हसत विचारतात तेव्हा खेद वाटतो. आपल्याला दिलेली शिवी उचलून तिसऱ्याच्या अंगावर टाकणे हे स्वाभिमानाचे लक्षण नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत जीवनाचा अर्थ सापडला असे एखादा म्हणतो, तेव्हा तो काय म्हणतो हे आधी ऐकून तरी घ्या.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. भाकरीसाठी धर्म सोडणारी ती स्त्री असती, तर दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले तेव्हाच तिने तो सोडला असता. तेव्हा तिने तो सोडला नाही. पुराणे सांगत, अनवाणी पायांनी ती भावाबरोबर तीर्थामागून तीर्थ तुडवीत राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण ज्या शास्त्रांच्या ज्ञानासाठी हा गौरव झाला, त्याच शास्त्रांत स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचे दार बंद असल्याचे तिने स्वतः वाचले. केवढा हा सन्मान !

१८८३ मध्ये त्या इंग्लंडात गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालविलेला आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे सेवाशुश्रूषा होत होती. रमाबाई थक्क झाल्या, आणि का झाल्या हे तुम्हांला वेगळे सांगावयास नको. पतीशी एकनिष्ठ न राहणाऱ्या स्त्रीला भर चौकात कुत्र्यांकडून फाडवावे, अशी आज्ञा मनुस्मृतीत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, तोच हा ग्रंथ. या भगिनी असे का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. हीन मानलेल्या जमातीची, पाच नवरे झालेली ती बाई. तिच्याजवळ येशूने पाणी मागितले. पाणी ! चवदार तळ्याच्या वारसांना या एका शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायला हवा काय?

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात काहूर उठले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

परंतु आमच्या ख्रिस्ती मित्रांनीही हे नीट ऐकावे. रमाबाईंनी देवळातील भटजींची सत्ता झुगारली ती चर्चच्या धर्मगुरूंपुढे मान तुकविण्यासाठी नव्हे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी वाद घातला आणि बुद्धीला न पटलेले मान्य करण्यास नकार दिला. पुढे १८९३ मध्ये शारदासदनातील मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जातात म्हणून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांची सुधारणा बहुधा अशीच, स्वतःच्या घराचा उंबरठा येईपर्यंत चालणारी ! रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या आणि केडगावी त्यांना अन्न, अक्षर आणि हातांना काम दिले.

आम्ही ख्रिस्ताला तारणारा मानीत नाही. तथागत हे मार्गदाते, मोक्षदाते नव्हेत, हीच आमची भूमिका आहे. पण रमाबाईंना जो अर्थ मिळाला, तो परलोकातल्या सुखाचा नव्हता. ज्यांना कोणी शिवत नाही त्यांच्या हातचे पाणी पिण्याचा तो होता. याच मापाने चर्चचेही मोजमाप झाले पाहिजे. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांची जात चर्चने मोडली नाही, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले; ते लेखन १९८९ मध्ये त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतांना दफनभूमीतही वेगळी जागा दिली गेली. क्रूस तोच आणि माती वेगळी, याला काय म्हणावे?

आणि सरकार? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शिखांना त्या १९५६ मध्ये मिळाल्या. आपल्याला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. दलित ख्रिस्ती अद्याप दाराबाहेर आहे. गाव त्याची जात विसरत नाही, कागद मात्र विसरतो. तेव्हा त्याला 'काय मिळाले?' असे विचारण्याआधी, धर्मांतराने त्याचे काय गेले हे एकदा मोजा. आणि तरीही तो रविवारी प्रार्थनेला का जातो, हे त्याच्याच अंगणात बसून त्याला विचारा.