तो ओरडलाच नाही

धरणात पोरगा बुडाला की काठावरच्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ओरडलासुद्धा नाही हो. सरळ खाली गेला. कुणी पाय धरून ओढावं तसा." सांगणारा बहुतेक वेळा त्याच्याच बरोबर आलेला मित्र असतो. तो खोटं बोलत नसतो. डोळ्यांदेखत जे घडलं तेच सांगत असतो. मग गर्दीतलं एखादं वयस्क माणूस खालच्या आवाजात म्हणतं, "आसरांनी नेला." सगळे माना हलवतात. चौकशी तिथंच संपते.

आपल्याकडच्या पाण्यात स्कॉटलंडच्या लॉख नेससारखा लांब मानेचा राक्षस नाही. साती आसरा आहेत, पाण्यातल्या सात देवता. डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड, शेजारी त्यांचा भाऊ म्हसोबा. पुढे खण, नारळ, हिरव्या बांगड्या. नाशिकजवळचं दारणा धरण 1916 सालचं, गंगापूर 1965 सालचं. धरणं नवी आली आणि आसरा डोहातून धरणात आल्या. पाणी माणूस ओढतं, ही समजूत मात्र तसूभर हलली नाही. शिकलेल्या घरांतही ती आहे. तिथे आसरांचं नाव घेत नाहीत, 'त्या जागेतच काहीतरी आहे' एवढंच म्हणतात.

या समजुतीचा सारा भार त्या एका साक्षीवर आहे: तो ओरडला नाही. पोहता येणारा, धडधाकट, मित्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी तोंडातून शब्द नाही. मग कुणीतरी ओढलंच असणार.

या साक्षीचा उलगडा पन्नास वर्षांपूर्वीच झाला आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचा जीवरक्षक होता. बुडणाऱ्या माणसांचं खरोखरीचं चित्रीकरण त्याने केलं आणि ते पुन्हा पुन्हा पाहिलं. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याला ओरडता येत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं आणि परत खाली जातं. तेवढ्या वेळात जेमतेम श्वास घेता येतो, हाक मारायला हवा उरत नाही. हात वर करून हलवणंही जमत नाही. ते आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबू लागतात. पाय मारले जात नाहीत. शरीर पाण्यात उभं राहतं. हे वीस ते साठ सेकंद चालतं. मग माणूस उभ्याउभ्या खाली जातो. पाय धरून ओढल्यासारखा.

काठावरच्या मित्राने पाहिलं ते अक्षरशः हेच. त्याची साक्ष खरी होती. तिचा अर्थ तेवढा त्याला कुणी सांगितला नव्हता. आरडाओरडा, हातवारे, पाण्याचा खळखळाट हे सगळं सिनेमातलं बुडणं. आपण त्याची वाट बघत बसतो. ते दिसत नाही म्हणून पोरगा मजेत आहे असं समजतो, आणि पुन्हा मान वळवतो तोवर पाणी सपाट झालेलं असतं.

लॉख नेस या तळ्यातल्या राक्षसाचं कौतुक जगभर होतं म्हणून तिथला एक तपशील सांगायला हवा. त्या राक्षसाची सर्वांत जुनी गोष्ट बुडण्याचीच आहे. संत कोलंबाच्या चरित्रात सहाव्या शतकातला प्रसंग आहे: नेस नदीकाठी लोक एका पोहणाऱ्याला पुरत होते आणि त्याला पाण्यातल्या जनावराने मारलं असं सांगत होते. पुढे 1933 मध्ये राक्षस वर्तमानपत्रांत आला, 1934 मध्ये त्याचा तो प्रसिद्ध, आणि पुढे बनावट ठरलेला, फोटो आला. पण त्या पाण्याची खोली त्याच्या कितीतरी आधीच मोजून झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉन मरे यांच्या पथकाने तिथे तार सोडून 754 फूट नोंदवले होते. राक्षसाची बातमी झाल्यावर तर पाहणीला सीमाच राहिली नाही. 1987 मध्ये बोटींची रांग लावून सोनारने तळं विंचरलं गेलं. 2018 मध्ये नील गेमेल या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाच्या पथकाने तिथून पाण्याचे 250 नमुने घेतले आणि त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर, असं 2019 मध्ये जाहीर झालं. आजच्या काळात एकाही माणसाचा जीव न घेतलेल्या प्राण्यासाठी ही मेहनत. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची वर्षाची नोंद अलीकडे 35 हजारांच्या वर आहे, आणि पोरगा ज्या जागी गेला तिथे पाणी किती खोल होतं, हे विचारणारा माणूस काठावरच्या गर्दीत सापडत नाही.

जुन्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आसरांसोबत एक नियमही दिला होता. भर दुपारी पाण्यावर जायचं नाही, त्या वेळी आसरा बाहेर असतात. उन्हाळ्यातली दुपार म्हणजे शेतं ओस, गाव सावलीला, नदीवर चिटपाखरू नाही. न ओरडता बुडणाऱ्या पोराकडे त्या वेळी बघणारं कुणीच नसायचं. नियम करणाऱ्यांना श्वसनाचं शास्त्र ठाऊक नसेल, पण पोरं कोणत्या वेळी जातात हे त्यांनी पाहिलं होतं. भीतीपोटी का होईना, तो नियम पाळला जायचा. आता सुट्टीच्या दुपारी बॅकवॉटरला गाड्या लागतात. आसरांची भीती कुणालाच नाही. पोरगा पाण्यात उतरताना त्यांची आठवण होत नाही. ती होते तो गेल्यावर. वाचवू शकणारा अर्धा भाग आपण टाकून दिला आणि दुसरा अर्धा जपून ठेवला. त्याची सोय मोठी आहे: आसरांनी नेल्यावर जाब कुणाला विचारणार?

विचारण्यासारखं पुष्कळ आहे. धरणाखाली जुनं नदीपात्र तसंच असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठ त्या पात्राजवळ येतो. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचं पुढचं पाऊल थेट जुन्या दरडीवरून जातं. कुठे मुरूम उपसल्याचे खड्डे, कुठे पाय रुतवणारा गाळ. एक घसरला की दुसरा त्याला धरायला जातो, बुडणारा जीव हाती लागेल ते खाली दाबतो, आणि एकाच घरातले किंवा एकाच वर्गातले दोघे-तिघे जातात. काठावर एक दोर असता, फुगवलेली ट्यूब असती, निदान झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचं कुणाला सुचलं असतं, तर दुसऱ्याला कदाचित पाण्यात उतरावं लागलं नसतं. 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी असते तिथेही पुढे खोली किती हे लिहिलेलं नसतं. नुसत्या मनाईला सतरा वर्षांचा मुलगा जुमानत नाही. 'इथून दहा पावलांवर चाळीस फूट' हे वाचल्यावर कदाचित थांबेल.

पाण्याचं माप ठेवणं नाशिकला नवीन नाही. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे या शहराचं पूरमापक आहे. गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढ्यावर अख्खं शहर ठरवतं की भांडी बाजारातून माल हलवायचा का. तिथे देवावर श्रद्धा आहे आणि पाण्याचं मापही आहे, एकाने दुसऱ्याला अडवलेलं नाही. सिंहस्थात घाटांवर जीवरक्षक असतात, बोटी असतात, कठडे असतात, आणि तिथल्या पाण्याला जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. ही तयारी बारा वर्षांतून एकदा, नदीच्या थोड्या टप्प्यावर होते. धरणाचा काठ बारा महिने उघडा असतो.

आज बुडणाऱ्याची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि फाईल मिटते. त्या कागदांत चार ओळी सक्तीच्या कराव्यात: पोरगा गेला त्या जागी दोर सोडून मोजलेली खोली, काठापासूनचं अंतर, तळाशी खडक की गाळ, आणि जवळ दोर किंवा ट्यूब होती की नाही. त्याच आकड्यांची पाटी जलसंपदा विभागाने त्याच जागी लावावी. शाळांनी पोरांना एवढं शिकवावं की पाण्यातला मित्र गप्प झाला तर आधी त्याच्याकडे दोर फेकायचा. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत गंगापूर आणि दारणाच्या काठांपासून सुरुवात करता येईल.