देहविक्रय आणि पैशाचा हिशेब

वेश्याव्यवसायास कायद्याने मान्यता द्यावी की नाही, हा वाद नीतीच्या नावाने चालतो. त्यातील पैशाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. 1936 साली बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील भगिनींना हा धंदा सोडण्यास बजावले. परंतु सोडण्यासही गाठीस पैसा लागतो, आणि तोच कायदा तिच्या गाठीस राहू देत नाही. 1872 च्या करार कायद्याचे 23 वे कलम अनैतिक हेतूचा करार रद्दबातल ठरविते. घरवालीने कमाई बुडविली, तर त्या स्त्रीचा दावा कोर्टात उभा राहत नाही. 1956 च्या कायद्याने देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. पण त्याच्या 4 थ्या कलमाने तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरील कोणीही, मग तो कॉलेजात शिकणारा तिचा मुलगा का असेना, दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र होतो! हे रक्षण कोणाचे?

जर्मनीने 2002 साली ठरलेल्या मोबदल्यावर स्त्रीचा हक्क मान्य केला. तरी नोकरीचा करार फार थोड्या जणींच्या हाती पडला.

कलकत्त्याच्या सोनागाछीत 1995 साली या स्त्रियांनी उषा सहकारी संस्था काढली. सभासदाच्या 'नैतिक चारित्र्या'ची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंद करा, असे सुचविण्यात आले. त्यांनी ते नाकारले. सरकारलाच अट काढावी लागली. सावकाराच्या जबर व्याजावर तेथे बचतीचा उतारा निघाला.

चौथ्या कलमातून या स्त्रियांची मुले व वृद्ध आईबाप यांना संसदेने तूर्त तरी वगळावे, ही आमची मागणी आहे.