आधी भेग, मग रंग

गेल्या मे महिन्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला पाचवी भेग पडली आणि घरातला जुना वाद नव्यानं सुरू झाला. गाडी म्हणजे प्रीमियरची वन-वन-एट एनई. तरुण वाचकांना ती ठाऊक नसेल. 1985 साली ती बाजारात आली. अंग फियाट 124चं, एंजिन निस्सानचं. नावातलं 'एनई' ते याच एंजिनाचं. पद्मिनीच्या काळात ती बऱ्यापैकी ऐटीची गाडी समजली जाई. मी ती 1990 मध्ये बँकेच्या वाहनकर्जावर घेतली आणि पगारातून हप्ते कापून घेत फेडली. आता तिचं वय पस्तीसच्या वर. 2021च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे ती ना भंगार, ना वारसा. निवृत्त माणसाची असते तशीच तिची अवस्था.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, वरून एक कव्हर बसवून टाका. अर्ध्या तासाचं काम." बाजारात अशी कव्हरं मिळतात. डॅशबोर्डच्या मापाचं प्लास्टिकचं कवच, खाली चिकटपट्टी किंवा गोंद. बसवलं की भेगा दिसेनाशा होतात. सौ.चं मत आणखी सोपं : वरती एक मखमली कापड घाला आणि गणपती ठेवा.

मी मात्र नाना पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे गेलो. आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवलेला आणि रेग्झिन चढवलेला हात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं, विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हिचं तेल उडालंय."

तेल उडालंय, हे निदान रसायनशास्त्राच्या पुस्तकाइतकंच अचूक आहे. डॅशबोर्डवरचं विनाइल म्हणजे पीव्हीसी. मुळात ते पाण्याच्या पाइपासारखं कडक असतं. ते चामड्यासारखं मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळलेलं असतं. बंद गाडी उन्हात उभी राहिली की ते रसायन हळूहळू उडून जातं. काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात तेही असतं. वर्षानुवर्षं आपण काच पुसतो आणि काय पुसतोय ते आपल्याला कळत नाही. तेल गेलं की विनाइल आकसतं, ताठरतं. खालचा फोमही पिठासारखा होतो. मग एखाद्या दुपारी, वाऱ्याच्या झरोक्याच्या कोपऱ्यातून, जिथं ताण सर्वांत जास्त तिथून, ते फाटतं. माझी गाडी सहा वर्षं सोलापुरात बँकेच्या आवारात उघड्यावर उभी होती. दोष बनवणाऱ्याचा नव्हे. तो सोलापूरच्या उन्हाचा आणि झाड न शोधणाऱ्या माझा.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"आधी कापावं लागंल," चाचा म्हणाले.

मी दचकलो. बारीक रेघेएवढी भेग, ती आणखी कापायची? पण त्यांचं शास्त्र पक्कं होतं. उचललेल्या कडा खाली दाबून बसत नाहीत. त्या कापून काढाव्या लागतात. भेग व्ही आकारात रुंद करायची, खालचा मेलेला फोम खरवडायचा. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं धावत नाही. त्याआधी सगळा डॅशबोर्ड साबणानं आणि मग स्पिरिटनं धुवायचा, कारण वर्षानुवर्षं चमक यावी म्हणून आपण जे सिलिकॉनचं पॉलिश फासलेलं असतं, त्यावर काहीच धरत नाही. भरायचं तेही लवचिक हवं. पत्र्याला लावतात ती पुट्टी भरली तर एका उन्हाळ्यात तडकते. मग घासणं, मग मूळ विनाइलसारखा दाणा उठवणं, मग प्रायमर, आणि सर्वांत शेवटी रंग. तोही एकदम जाड नव्हे. पातळ हात, वाळू द्यायचे, पुन्हा पातळ हात. आणि चकाकी अजिबात नको, नाहीतर गाडी चालवताना समोरच्या काचेत डॅशबोर्डच दिसतो.

रंग कुठला? मी म्हटलं, काळा. चाचांनी डॅशबोर्ड उतरवून त्याची खालची घडी दाखवली. जिथं पस्तीस वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं, तिथं मूळ रंग होता. काळाच, पण किंचित करडा. "हा घ्यायचा," ते म्हणाले.

त्या चार दिवसांत चाचांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी गाडीचा कमी आणि बँकेचाच विचार जास्त केला.

1987 साली मी एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एका यंत्रमागधारकाचं खातं थकलं होतं. चादरी विणणारा कष्टाळू माणूस, पण सूत महागलं आणि माल पडून राहिला. मार्चअखेर आली. आम्ही काय केलं? त्याला नवं कर्ज मंजूर केलं आणि त्यातून जुनं फेडून घेतलं. खातं वह्यांत झळझळीत झालं. सही माझी होती. वरच्यांनी शाबासकी दिली आणि त्या माणसानं हात जोडले. बेकायदा वाटावं असं कुणालाच काही वाटलं नाही. कव्हर बसवलं होतं, एवढंच. दोन वर्षांत नव्या-जुन्या व्याजासकट भेग बाहेर आली, तेव्हा मागही गेले आणि घरही. पहिल्याच वर्षी खातं उघडं करून, दोन माग विकायला लावून, उरलेल्याचे हप्ते त्याच्या ऐपतीप्रमाणे बांधून दिले असते, तर तो माणूस कदाचित वाचला असता. पण त्यासाठी आधी कापावं लागलं असतं, आणि कापलेलं ताळेबंदात दिसतं.

पुढं 1991मध्ये नरसिंहम समितीचा अहवाल आला. 1992-93पासून रिझर्व्ह बँकेनं नियम घातला : वसूल न होणारं व्याज उत्पन्न म्हणून दाखवायचं नाही. एका रात्रीत अनेक बँकांचे नफे तोट्यात गेले. तेव्हा आम्ही अधिकारी कुरकुरलो. आज वाटतं, ती भेग रुंद करण्याचीच क्रिया होती. कुरूप दिसणारी, पण दुरुस्तीची पहिली पायरी.

हे फक्त बँकेचंच आहे असं नाही. रस्त्यावरचा खड्डा बुजवायची रीत इंजिनियरांना शिकवलेली असते : आधी कडा चौकोनी कापा, आतलं पाणी आणि माती काढा, डांबराचा हात द्या, मग भरून दाबा. आपल्याकडं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात खडी ओतली जाते आणि पुढच्या पावसात ती रस्ताभर पसरते. आपल्याला दुरुस्ती येत नाही असं नाही. दुरुस्तीच्या मधल्या अवस्थेत वस्तू आधीपेक्षा वाईट दिसते, ते आपल्याला सोसत नाही.

काही रसिक म्हणतील, भेगा तशाच ठेवा की! सुरकुत्यांनाही सौंदर्य असतं. मला ते मान्य नाही. सुरकुती थांबते, भेग चालत राहते. आणि मुलाच्या बाजूनंही न्यायानं सांगायला हवं, की कव्हर स्वस्त असतं आणि सगळ्यांकडं चार दिवस आणि चाचा नसतात. कव्हर बसवा, हरकत नाही. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नका, आणि गाडी विकताना त्याखाली काय आहे ते सांगा.

चाचांचं काम सुरेख झालं. तरीही डाव्या बाजूला, तिरप्या उन्हात, भरलेली एक रेघ ओळखू येते. चाचा म्हणाले, "पुन्हा एक हात मारू का?" मी नको म्हटलं. घरी आल्यावर एका कागदावर तारीख, भेगांची संख्या आणि काय भरलं ते लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. खाली सही केली. मुलगा हसला. हसू दे. 1987च्या त्या खात्यातही असा एक कागद मी ठेवायला हवा होता.